फेऱ्या मोजल्या, वारा मोजायचा राहिला

विद्युत इंजिन फलाटावर नुसतं उभं असतं तेव्हाही घोंघावत असतं. भोपाळच्या हबीबगंज स्टेशनात इटारसीकडे निघालेली गाडी थांबली की हा आवाज फलाटभर ऐकू येतो. (नोव्हेंबर 2021 पासून स्टेशनाचं नाव राणी कमलापती आहे, रिक्षावाल्यांच्या तोंडी मात्र अजून हबीबगंजच.) चाकं थांबलेली आहेत, मग घोंघावतं काय? चाकं फिरवणाऱ्या ट्रॅक्शन मोटारींवर वारा सोडणारे ब्लोअर. डब्ल्यूएपी-4 सारख्या जुन्या बनावटीच्या इंजिनांत या ब्लोअरच्या वाटेवर एक रिले बसवलेली असते. ब्लोअरची मोटार फिरते की नाही याच्याशी तिला कर्तव्य नाही. वारा आला का, एवढंच ती पाहते. वारा आला नाही तर मुख्य सर्किट ब्रेकर उघडतो आणि इंजिन गाडी ओढत नाही.

स्टेशनाबाहेर पडून अरेरा कॉलनीत किंवा महाराणा प्रताप नगरात शिरलं, की कुठल्याशा घरात टेबलाखाली एखादा असेंबल केलेला कॉम्प्युटर चालू असतोच. मदरबोर्ड एका दुकानातून, ग्राफिक्स कार्ड दुसऱ्या, कॅबिनेट भावाने दिलेलं. त्यालाही वाऱ्यावाचून गती नाही. पण तिथली पाहण्याची रीत रेल्वेच्या उलट आहे. मदरबोर्ड पंख्याच्या फेऱ्या मोजतो. वारा मोजत नाही. ‘फॅन गेला’ या तक्रारीतले बहुतेक घोळ या एका फरकातून निघतात. फिरणारा पंखा निरोगी समजला जातो, थांबलेला आजारी, आणि दोन्ही निदानं बऱ्याचदा चुकतात.

वारा लागतोच कशाला

कॉम्प्युटर जेवढी वीज खातो तेवढी जवळपास सगळी शेवटी उष्णतेत जाते. पडद्यावर हिशेब उमटो की खेळ, वॅटाला वॅट उष्णता ठरलेली. 1978 चा 8086 प्रोसेसर पंख्याशिवायच चालायचा. 1993 चा पहिला पेंटियम सुमारे 15 वॅट खाऊ लागला आणि त्याच्या डोक्यावर हीटसिंकबरोबर छोटा पंखाही दिसू लागला. 2004 साली पेंटियम 4 ची ‘प्रेसकॉट’ जात 100 वॅटच्या पुढे गेली. आज साधा प्रोसेसर 65 वॅटचा म्हणून विकला जातो, वरच्या श्रेणीतला जोर लावताना 250 वॅटपर्यंत जातो, आणि ग्राफिक्स कार्डाचं खातं वेगळंच.

ही उष्णता बाहेर नेण्याचं काम दोघांत वाटलेलं आहे. तांबं किंवा ॲल्युमिनियम ती चिपपासून उचलून पातळ पात्यांवर पसरवतं. तिथून पुढे हवा. पण स्थिर हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे; तांब्याच्या तुलनेत पंधरा हजार पटींनी वाईट. म्हणून ती सतत बदलावी लागते. पंखा हवेला थंड करत नाही. तापलेली हवा हटवून तिच्या जागी खोलीतली ताजी हवा आणतो. खोलीची हवा 40 अंशांवर असेल, तर जगातला कुठलाही पंखा चिपला 39 अंशांवर आणू शकणार नाही.

किती हवा लागते, याचा हिशेब सोपा आहे. समजा, खेळ चालू असताना कॅबिनेटमध्ये 300 वॅट उष्णता होते आणि आत आलेली हवा बाहेर जाताना 10 अंशांनी तापलेली चालेल असं आपण ठरवलं. समुद्रसपाटीला, 20 अंशांच्या हवेत, यासाठी दर सेकंदाला सुमारे 25 लिटर हवा पुरते. भोपाळ समुद्रसपाटीपासून सुमारे 500 मीटर उंचावर आहे. त्यात मे महिना आणि 40 अंशांची खोली धरली, तर हवा विरळ होते आणि तेवढ्याच कामाला 28 लिटर लागतात. म्हणजे सांताक्रूझच्या जानेवारीत पुरणारा पंखा हबीबगंजच्या मेमध्ये दहा-बारा टक्के कमी पडतो, आणि त्यात पंख्याचा काही दोष नसतो.

120 मिलिमीटरच्या पंख्याच्या खोक्यावर दर मिनिटाला 50-60 घनफूट असा आकडा छापलेला असतो, म्हणजे सेकंदाला 24 ते 28 लिटर. वाचून वाटतं, झालं की काम. पण तो आकडा पंख्यासमोर काहीही आडवं नसताना मोजलेला असतो. पुढे जाळी, मागे हीटसिंकची दाट पाती, मध्ये केबलचा गुंता आला की प्रत्यक्षात निम्माही वारा उरत नाही. पंख्याच्या फेऱ्या मात्र तेवढ्याच दिसतात.

पंख्याच्या पोटात

कॅबिनेटमधला पंखा छताच्या पंख्याच्या जातीचा नाही. त्याला कार्बन ब्रश नसतात आणि तो 12 व्होल्टच्या डीसी विजेवर चालतो. पात्यांच्या मधल्या वाटीत आतून चुंबकाचं कडं बसवलेलं असतं. त्या कड्याच्या आत, न हलणाऱ्या भागावर, तांब्याच्या तारेच्या साधारण चार गुंडाळ्या. गुंडाळ्यांजवळ तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा संवेदक. चुंबकाचा उत्तर ध्रुव समोर आहे की दक्षिण, हे तो ओळखतो आणि त्याप्रमाणे गुंडाळ्यांतल्या विजेची दिशा फिरवली जाते. ज्या परिणामावर तो चालतो तो एडविन हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने 1879 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शोधला होता.

हाच संवेदक मदरबोर्डला फेऱ्या कळवतो. एका फेरीला दोन ठोके, असा सर्वसाधारण रिवाज आहे. पंखा मिनिटाला 1,200 फेऱ्या घेत असेल तर पिवळ्या किंवा हिरव्या तारेवरून सेकंदाला 40 ठोके जातात. बोर्ड ते मोजतो आणि पडद्यावर ‘1,200’ लिहितो. तीन पिनांच्या पंख्यात एक तार जमिनीची, एक 12 व्होल्टची आणि एक ठोक्यांची. चार पिनांच्या पंख्यात चौथी तार हुकमाची: तीवरून सेकंदाला 25,000 वेळा चालू-बंदचे इशारे येतात आणि चालूचा वाटा वाढेल तसा पंखा जोरात फिरतो. 25,000 हा आकडा मुद्दाम एवढा मोठा आहे. माणसाला साधारण 20,000 च्या पुढचं ऐकू येत नाही, म्हणून मोटारीची किणकिण कानावर पडत नाही.

पाती अडकली तर पंख्यातली चिप वीज तोडते, काही सेकंद थांबते आणि पुन्हा एक हिसका देऊन पाहते. झाकण उघडल्यावर पंखा थोडासा थरथरतो, थांबतो, पुन्हा थरथरतो, असं दिसलं तर मोटार जिवंत आहे आणि अडचण बेअरिंगमध्ये किंवा पात्यात अडकलेल्या केबलमध्ये आहे, हे समजावं. अजिबात हालचाल नसेल तर आधी पिन पाहावी.

आणि कधी कधी न फिरणारा पंखा ठणठणीत असतो. बरीच ग्राफिक्स कार्डं 50-60 अंशांखाली असताना आपले पंखे मुद्दाम थांबवतात. नवं कार्ड घरी आणलं, चालू केलं, पंखे स्थिर, की लोक घाबरून दुकान गाठतात. दुकानदार एक खेळ चालू करतो, दोन मिनिटांत पंखे फिरू लागतात, आणि परतीचा रिक्षाखर्च तेवढा होतो.

झिजतं ते बेअरिंग

साध्या डेस्कटॉपमधली जुनी हार्डडिस्क गेली आणि तिच्या जागी एसएसडी आली, तेव्हापासून पंखा हा आतला एकटाच हलणारा भाग उरला आहे. हलतं ते झिजतं. गुंडाळी जळून पंखा मेला, असं क्वचित होतं. बहुतेक वेळा तेल संपतं.

स्वस्त पंख्यात स्लीव्ह बेअरिंग असतं: भुकटी दाबून भाजलेल्या कांस्याची किंवा पितळेची सच्छिद्र नळी, तेलात भिजवलेली. तिच्यात पोलादी दांडा फिरतो. तेल कमी झालं की दांडा नळीला घासतो, नळी एका बाजूने लांबट झिजते आणि पाती किंचित डुगडुगतात. याची पहिली खूण सकाळी मिळते. जानेवारीत भोपाळचा पारा पहाटे 10 अंशांच्या आसपास उतरतो. मशीन चालू करताच खरखर येते, पाच मिनिटांत तेल गरम झालं की बंद होते, आणि घरातले म्हणतात, ‘आता बरोबर चाललाय.’ तो बरोबर चाललेला नसतो. येत्या उन्हाळ्यात थांबणार, हे त्याने जानेवारीतच सांगितलेलं असतं.

बॉल बेअरिंगचं तसं नाही. त्याचा आवाज गरम झाल्यावर जात नाही, महिनोन् महिने वाढत जातो. पण आवाज करत करत ते बराच काळ तग धरतं. तिसरा प्रकार फ्लुइड बेअरिंगचा: दांड्यावरच्या बारीक खाचा तेलाला दाबाखाली धरतात, धातू धातूला टेकतच नाही. तो शांत आणि दीर्घायुषी असतो, आणि महागही.

स्लीव्हचा पंखा उघडून पाहण्यासारखा आहे. मधलं स्टिकर नखाने उचललं की खाली रबराचं बूच. ते काढलं की दांड्याच्या टोकाला खाचेत बसवलेली पांढरी नायलॉनची चकती, एका बाजूला फाटलेली. ती टाचणीने सोडवली, की पाती दांड्यासकट हातात येतात. चांगल्या पंख्याचा दांडा आरशासारखा चकचकीत निघतो. गेलेल्या पंख्याच्या दांड्यावर डांबरी काळा थर असतो: तेल, धूळ आणि झिजलेल्या पितळेचा चुरा. तो पुसून शिलाई मशीनच्या पातळ तेलाचा एक थेंब सोडला, तर पंखा पुन्हा काही महिने चालतो. खोबरेल मात्र घालू नये. ते 24 अंशांखाली थिजतं, आणि भोपाळच्या थंडीत बेअरिंगसकट गोठतं. गंज सोडवायचा स्प्रेही नको. तो असलेलं तेल धुऊन नेतो आणि स्वतः उडून जातो. तेल घालणं हा नवा पंखा येईपर्यंतचा उपाय आहे, हे लक्षात ठेवलं म्हणजे झालं.

खोक्यावर 30,000 तास, 50,000 तास असं आयुष्य लिहिलेलं असतं. रोज दहा तास धरले तर 50,000 तासांची जवळजवळ चौदा वर्षं होतात. प्रत्यक्षात चौदा वर्षं टिकलेला पंखा किती जणांनी पाहिला आहे? या आकड्यांचा अर्थ बारकाईने पाहावा लागतो. पुष्कळ कंपन्या ज्या वेळेपर्यंत शंभरातले दहा पंखे बंद पडतात ती वेळ ‘आयुष्य’ म्हणून देतात, आणि कसोटी ठरावीक तापमानाला, बहुधा 40 अंशांना, स्वच्छ हवेत घेतात. वंगणाच्या बाबतीत अभियंते एक ढोबळ नियम सांगतात: तापमान 10 अंशांनी चढलं की आयुष्य निम्मं. हबीबगंजमध्ये वरच्या मजल्यावरची पश्चिमेकडची खोली मेच्या दुपारी 38-40 अंशांवर जाते, कॅबिनेटच्या आत आणखी दहा-बारा. म्हणजे कसोटीत जे पंख्याला सोसावं लागलं ते इथे दिवसाचं साधं वातावरण आहे. उरली स्वच्छ हवा. तिचं काय, ते पुढे पाहू.

हबीबगंजची हवा

मध्य प्रदेश 1956 साली झाला आणि राजधानी भोपाळला आली. नागपूर, ग्वाल्हेरहून बदलून आलेली सरकारी नोकरदारांची मराठी घरं या शहरात स्थिरावली. पुढे भेल कारखान्यानेही माणसं आणली. आज त्या घरांतली तिसरी पिढी कॉम्प्युटर जुळवते. खोल्या मोठ्या, खिडक्या मोठ्या, आणि एप्रिलपासून एका खिडकीत वाळ्याच्या टट्ट्यांचा नाहीतर लाकडाच्या छिलक्यांच्या पॅडचा कूलर. पंख्याच्या दृष्टीने या खोलीत तीन ऋतू असतात.

पहिला धुळीचा. मार्च-एप्रिलमध्ये आसपासच्या शेतांत गव्हाची कापणी आणि मळणी चालते. काळी माती सुकून बारीक भुकटी झालेली असते. रस्त्यांची, मेट्रोच्या खांबांची कामं शहरात वर्षानुवर्षं चालली. ही धूळ एकटी येत नाही. कपड्यांचे धागे, केस, उदबत्तीची राख आणि स्वयंपाकघरातल्या फोडणीची तेलकट वाफ तिला चिकटून बसते. पंख्याच्या पात्यांच्या हवा कापणाऱ्या कडेवर करडी रेघ दिसते, पण खरं नुकसान तिथे नसतं. पंख्याखाली, हीटसिंकच्या पात्यांच्या तोंडावर थर जमतो. पंखा सोडवून उचलला की तो जुन्या गोधडीतून काढलेल्या कापसासारखा एकसंध निघतो, कधी कधी चौकोनी, हीटसिंकच्या आकाराचा. वरून पंखा फिरतो आहे, खालून ॲल्युमिनियम तापतं आहे, आणि मधल्या थरातून वारा जात नाही. फेऱ्या मात्र 1,200 च्या 1,200.

दुसरा ऋतू कूलरचा. मे महिन्याची हवा कोरडी असल्यामुळे कूलर खोलीचं तापमान चांगलंच उतरवतो, आणि चिपला त्याचा फायदाच होतो. फक्त मशीन कूलरच्या थेट झोतात नसावं. जोरात चाललेला कूलर वाफेबरोबर पाण्याचे सूक्ष्म थेंबही फेकतो. पाणी उडून जातं, त्यातले क्षार मागे राहतात. पाच-सहा फूट बाजूला, झोताच्या आडवं ठेवलं की पुरे.

तिसरा पावसाचा. जुलैत खोली थंड होते, पारा उतरतो, आणि लोक निश्चिंत होतात. पण उन्हाळ्यात जमलेली धूळ आता ओल धरते, घट्ट होते आणि हीटसिंकच्या फटींत बसून राहते. मार्चमध्ये जी फुंकरीने गेली असती ती ऑगस्टमध्ये ब्रशने खरवडावी लागते. म्हणून स्वच्छतेच्या वेळा दोन: उन्हाळा लागण्याआधी आणि पाऊस लागण्याआधी. ब्लोअरने धूळ उडवताना पातं बोटाने धरून ठेवावं. झोताने पंखा वाटेल तेवढ्या वेगाने फिरू दिला तर बेअरिंगला इजा होते.

फिरतो, तरी तापतो

पूर्वी कूलिंग गेलं की चिप जळायची. 2001 साली टॉम्स हार्डवेअरच्या चाचणीकारांनी चालू मशीनवरून हीटसिंक उचलून दाखवला. त्या वेळच्या एएमडी ॲथलॉनमधून क्षणार्धात धूर निघाला. इंटेलचा पेंटियम 4 संथ झाला, पण जिवंत राहिला. त्याच्यात तापल्यावर स्वतःचा वेग कमी करण्याची सोय होती. पुढे सगळ्यांनीच ती सोय केली. आजचे बहुतेक प्रोसेसर 95 ते 105 अंशांच्या दरम्यान कुठेतरी आपली मर्यादा मानतात. तिथे पोचले की वेग उतरवतात. त्यानेही भागलं नाही तर मशीन एकदम बंद होतं.

ही सोय चिपच्या जिवावरचं संकट टाळते, पण बिघाड झाकूनही ठेवते. वारा कमी झाला तर आता काही जळत नाही, नुसतं हळू चालतं. आणि हळू चालणारं मशीन दुकानात नेलं की पहिला सल्ला ठरलेला: ‘फॉरमॅट मारून देतो.’ विंडोज नव्याने टाकलं जातं. दुकानात एसी असतो, झाकण उघडं असतं, मशीन उत्तम चालतं. घरी आणून टेबलाखालच्या कप्प्यात सरकवलं की दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच.

यातून एक चांगली कसोटी निघते. सॉफ्टवेअरचा दोष घड्याळ पाहत नाही. मशीन दुपारी तीनला रडतखडत आणि रात्री अकराला नीट चालत असेल, झाकण काढल्यावर सुधारत असेल, किंवा सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटं चपळ आणि मग मंद होत असेल, तर दोष उष्णतेचा आहे.

घरी जुळवलेल्या मशीनमध्ये आणखी काही जागा तपासायच्या असतात. कंपनीच्या तयार मशीनची जुळणी कारखान्यात कुणीतरी तापवून पाहिलेली असते. आपली जुळणी जगात एकच असते आणि तिची चाचणी घेणारे आपणच. इंटेलच्या प्रोसेसरबरोबर येणारा कूलर 2004 पासून बरीच वर्षं प्लॅस्टिकच्या चार खिळ्यांवर बसायचा. तीन ‘टक’ करून बसतात, चौथा नुसता टेकलेला राहतो, आणि हीटसिंक केसाएवढा तिरका होतो. पंखा नीट, धूळ नाही, तरी तापमान चढलेलं. तसंच नव्या कूलरच्या तळाला लावलेली पारदर्शक फिल्म. ती काढायची राहून गेलेली मशीनं दुरुस्तीवाल्यांनी भरपूर पाहिलेली आहेत. वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट हा जुन्या मशीनचा आजार. उलटा बसवलेला पंखा हा नव्या मशीनचा: पंख्याच्या चौकटीवर दोन बाण असतात, एक पाती फिरण्याचा आणि एक वाऱ्याचा, ते न पाहता दोन पंखे समोरासमोर वारा फेकत ठेवले जातात.

आणि सुरू होतानाच ‘सीपीयू फॅन एरर, एफ1 दाबा’ असा संदेश आला, तर पंखा मेला असं लगेच धरू नये. प्रोसेसरच्या पंख्याची पिन चुकून कॅबिनेटच्या पंख्यासाठी असलेल्या जागी लावली की सीपीयूच्या जागेवर एकही ठोका येत नाही. पंखा तर समोर गरगर फिरतो आहे, आणि बोर्ड म्हणतो की तो नाही.

जो काहीच सांगत नाही

या सगळ्यांत अबोल पंखा एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यातला. घरगुती मशीनमध्ये त्याच्या फेऱ्या मदरबोर्डपर्यंत सहसा पोचतच नाहीत. तो आतल्या आत जोडलेला असतो. तो थांबला तरी पडद्यावर ओळही येत नाही. मशीन जोर लावताना एकदम बंद पडतं, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतं, आणि संशय रॅमवर नाहीतर विजेच्या चढउतारावर जातो.

याला तपासायला टिश्यू पेपरची पट्टी पुरते. मशीन पंधरा मिनिटं राबवावं आणि मागच्या जाळीजवळ पट्टी धरावी. बाहेर फडफडली तर वारा आहे. काही एसएमपीएस कमी भारावर पंखा थांबवून ठेवतात, म्हणून राबवून मगच पाहायचं. हीच पट्टी कॅबिनेटच्या समोरच्या जाळीला धरली की आत ओढली जायला हवी. इंजिनातली रिले जे पाहते तेच ही पट्टी पाहते.

एसएमपीएस मात्र घरी उघडू नये. 230 व्होल्टची वीज आत सरळ करून साठवली जाते तेव्हा कॅपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही ते लगेच उतरत नाहीत. तिथला पंखा गेला तर दुरुस्तीवाल्याकडे द्यावा, स्वस्तातला असेल तर अख्खा एसएमपीएसच बदलावा.

बदलायचाच झाला तर

पंख्याचं माप म्हणजे चौकटीची बाजू, पात्यांचा व्यास नव्हे. चौकट फुटकी असेल तर स्क्रूच्या भोकांमधलं अंतर मोजावं: 80 मिलिमीटरच्या पंख्याला ते 71.5, 92 ला 82.5, 120 ला 105 आणि 140 ला 124.5 मिलिमीटर. जाडी बहुतेक 25. लेबलवर 12 व्होल्ट आणि 0.15 अँपियर असं काही लिहिलेलं असतं, म्हणजे पावणेदोन-दोन वॅट. मदरबोर्डचं एक तोंड साधारण 1 अँपियर सोसतं, त्यामुळे एका तोंडावर दोन पंखे चालतात, आठ नव्हेत.

जागा असेल तर मोठा पंखा घ्यावा. पंख्याचा वेग निम्मा केला तर वारा निम्मा होतो, वीज आठव्या हिश्शावर येते आणि आवाज सुमारे 15 डेसिबलने उतरतो. मोठा पंखा सावकाश फिरून तेवढाच वारा देतो आणि बेअरिंगही कमी झिजतं. पाण्याने थंड करणारा कूलर घेतला म्हणजे ही कटकट सुटली असं मात्र नाही. पुण्याच्या आयसरमध्ये सी-डॅकने उभारलेल्या ‘परम ब्रह्म’ महासंगणकात प्रोसेसरजवळून द्रव खेळवतात, कारण तिथे उष्णतेचं प्रमाणच वेगळं आहे. घरच्या मशीनमध्ये पाणी खेळवलं तरी रेडिएटरवर पंखे राहतातच, वर एक पंपही येतो. हलणारे भाग वाढतात.

दोन आकडे आणि एक वजाबाकी

मग घरी वारा मोजायचा कसा? इंजिनासारखी रिले कॅबिनेटमध्ये बसवता येत नाही. पण वाऱ्याचा परिणाम मोजता येतो. काम तेवढंच असेल, तर चिप खोलीपेक्षा किती अंशांनी जास्त तापते हे जवळजवळ ठरलेलं असतं. खोली 30 अंशांची असो की 38 ची, हा फरक फारसा हलत नाही. तो हलला, तर वाऱ्याच्या वाटेत काहीतरी बदललं आहे.

यासाठी मशीन स्वच्छ केल्यानंतर एखादं ठरावीक जड काम वीस मिनिटं चालवावं. तोच व्हिडिओ, त्याच पद्धतीने. चिपचं तापमान पाहावं. समोरच्या जाळीजवळ ठेवलेल्या साध्या तापमापकाचं पाहावं. वजाबाकी वहीत लिहून ठेवावी. समजा, गुढीपाडव्याला खोली 33 अंश आणि चिप 71: फरक 38. दिवाळीत तेच काम करताना खोली 27 आणि चिप 74. नुसतं चिपचं तापमान पाहणारा म्हणेल, तीनच अंश वाढले, चालायचंच. वजाबाकी 47 येते. थंडी लागत असताना मशीन नऊ अंशांनी जास्त तापू लागलं आहे, आणि फेऱ्यांचा आकडा दोन्ही दिवशी तोच असू शकतो. येणाऱ्या मेमध्ये खोली 40 वर गेली की चिप 87 वर असेल, आणि वर्षभराची धूळ आणखी जमली तर वेग उतरण्याच्या मर्यादेला टेकेल.

दोन-तीन अंशांची चलबिचल सोडून द्यावी. फरक आठ-दहा अंशांनी वाढला तर आधी जाळी धुवावी, पंखा सोडवून हीटसिंकच्या तोंडावरचा थर काढावा, पुन्हा मोजावं. फरक तसाच राहिला तर खिळे पाहावेत, पेस्ट बदलावी, पुन्हा मोजावं. सकाळची खरखर, हिसके देणारी पाती किंवा उतरलेल्या फेऱ्या दिसल्या तर दोष पंख्याचाच आणि तो बदलावा. यातलं काहीच न पाहता आणलेला नवा पंखा जुन्याच थरावर वारा घालत बसतो.